ताणावर सोडलेली बाग

गुहागरकडून कुणी मराठवाड्यात निघालं की आमचे लोक आधी पाण्याची चौकशी करतात. मी निघाले तेव्हा शेजारच्या वहिनींनी दोन मोठ्या बाटल्या भरून दिल्या आणि जपून वापर म्हणून बजावलं, जशी काही मी उंटावर बसून वाळवंटात चालले होते. मी चालले होते लेकीच्या सासरी. सायली दापोलीला शेतकी शिकली, जालन्याकडचा गणेश तिच्याच वर्गात होता, आणि पुढे व्हायचं ते झालं. व्याही-विहीण आमच्याकडे दोनदा येऊन सोलकढी पिऊन गेले, पण माझं जाणं काही जमेना. नारळी-पोफळीची वाडी असलेल्या माणसाला घर सोडता येत नाही. वाडीला पाणी घालायचं, म्हणजे शिपणं, एक दिवस चुकलं तरी आमच्या यजमानांना जेवण जात नाही. शेवटी तेच म्हणाले, "तू जा. मी शिपतो. तुझ्याशिवाय वाडी मरत नाही." हे वाक्य मी अजून विसरलेले नाही.

वडीगोद्री

जानेवारीतली सकाळ होती. बसमधून उतरले तर जावई फाट्यावरच्या हॉटेलात माझ्यासाठी भजी सांगून उभे. गणेश जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत नोकरी करतो, घरी शेती वडील आणि सायली बघतात. भज्यांबरोबर तळलेली मिरची आली. मी कोकणी ऐटीत ती अख्खी खाल्ली आणि वहिनींची एक बाटली तिथेच संपली.

तीर्थपुरीच्या रस्त्याला लागलो आणि मी बोलायची थांबले, हे माझ्या बाबतीत फारसं घडत नाही. एवढं आभाळ मी समुद्रावरच पाहिलं होतं. काळी जमीन पार टोकापर्यंत पसरलेली, वेचून झालेली कापसाची झाडं, मध्ये हिरवीगार ज्वारी. मग एका वावरात मला ओळीनं गोल खड्डे दिसले, प्रत्येक खड्ड्याशेजारी उपटलेला बुंधा.

"मोसंबीची बाग होती," गणेश म्हणाला. "काढून टाकली."

"पाण्यावाचून मेली?"

"न्हाई आई. पावसानं मेली."

पावसानं बाग मेली हे आमच्याकडे कुणी ऐकलं तर सांगणाऱ्यालाच वेड्यात काढतील. पुढचा सगळा रस्ता मी त्या एका वाक्यावर विचार करत होते.

बाग

व्याह्यांचं नाव दत्ताराव. उंच, कमी बोलणारे, पण बोलले की सगळं सांगून टाकणारे. पाय धुऊन चहा झाला तसे ते मला मोसंबीची बाग दाखवायला घेऊन गेले. घराच्या पायरीपासूनच बाग सुरू होते. मोठ्या कौतुकानं गेले आणि पहिल्या ओळीत शिरताच माझं काळीज गलबललं. पानं पिवळी पडलेली, वळलेली, खाली पाचोळा. मातीला बोट रुंदीच्या भेगा. आणि अख्ख्या बागेत ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या, पलीकडे शेततळं काठोकाठ भरलेलं.

"अहो, पाणी असताना झाडं अशी का?" मी विचारलं.

दत्ताराव हसले. "ताणावर सोडलीत, विहीनबाई. झाडाला उपाशी ठेवल्याबिगर फूल लागत न्हाई. पाणी तोडायचं. पानं पिवळी होऊ द्यायची, गळू द्यायची. मंग झाडाला वाटतं आता आपलं काही खरं न्हाई, जाता जाता फळ देऊन जावं. तवा पाणी सोडायचं. जल्दी सोडलं तर फूल न्हाई. उशीर झाला तर झाड न्हाई."

जन्मभर झाडाला पाणी कसं पोचवायचं याच काळजीत राहिलेली मी. आणि इथे ही माणसं भरल्या तळ्याकाठी झाडं तहानेली ठेवून बघत बसतात, त्याला शेती म्हणतात. मला राग यावा की हात जोडावेत, कळेना.

"आन बराबर कवा सोडायचं ते कसं कळतं?" मीही नकळत त्यांच्यासारखी बोलले.

"पानं बघायची, मुठीत माती दाबायची. माझ्या आईनं शिकवल्तं. तिनंच लावली ही बाग." त्यांनी खाली पडलेलं एक पान उचललं. "पण आता हवा पहिल्यासारखी राह्यली न्हाई. थंडी पडंना. ताण बसत आला की मधीच अवकाळी येऊन राह्यला, झाड पाणी पिऊन घेतंय, बहार आर्धा फुटतोय. दोन साल माझा अंदाज चुकला. आजूबाजूच्यांनी बागा काढल्या, ते तुम्ही येताना बघितलं आसंल. मी बी काढणार होतो. तुमची लेक आडवी आली."

सायली मागून येत होती. तिनं तोंड फिरवलं.

"यंदाचा बहार तिच्या हातात. तिनं बसवलंय ते यंत्र सांगंल तवाच पाणी सोडायचं, असा मी शब्द दिलाय. मधी बिलकुल बोलणार न्हाई. बहार धरला तर बाग राहिली. न्हाई तर उन्हाळ्याआधी मशीन लावून काढून टाकतो."

लेकीच्या डोक्यावर किती झाडं उभी होती ते मला तेव्हा कळलं.

यंत्र मात्र बघण्यासारखं होतं. एका खांबावर वाटीसारखी चकरी वाऱ्यानं फिरत होती, शेजारी पाऊस मोजणारं भांडं. घरासमोरच्या पहिल्या झाडाखाली जमिनीत एक काठी रोवलेली, तिची वायर एका डबीला जोडलेली, डबीवर तळहाताएवढी सूर्यावर चालणारी पाटी. जादा वायरीचं वेटोळं खांबाला टांगून ठेवलं होतं. "मुळाशी ओल किती आहे ते ही काठी सांगते," सायली म्हणाली आणि फोन पुढे केला. त्यावर एक पट्टी होती, तिच्यावर ओलीची रेघ. हिरवी म्हणजे झाडाला पाणी आहे, पिवळी म्हणजे ताण बसतोय, लाल म्हणजे आता पाणी द्या. अवकाळी पाऊस पडला तर किती पाणी मुळापर्यंत गेलं, ताण मोडला की नुसता वरवर भिजला, हेही त्यात कळतं. आणि पाणी द्यायचं झालं तर फोनवरूनच, तळ्यावरची मोटर आपोआप सुरू.

आमच्याकडे यजमान पायाच्या अंगठ्यानं माती उकरून ओल बघतात आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान. मी ती पट्टी पुन्हा पुन्हा बघत राहिले. जमिनीला विचारावं आणि जमिनीनं खरंच उत्तर द्यावं, हे आमच्या पिढीनं स्वप्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

पट्टी हिरवट पिवळी होती.

मुकं पाणी

विहीणबाई कौशल्याबाई. ठेंगण्या, गुडघ्यानं जरा लंगडणाऱ्या, आणि स्वयंपाकात कुणाला हात लावू न देणाऱ्या. त्यांची ज्वारीची भाकरी तव्यावर फुगायची तेव्हा मी खुशाल बघत बसायचे. आमच्या तांदळाच्या भाकरीला ते धाडस नाही. शेंगदाण्याची चटणी, ठेचा, वांग्याची भाजी, वर कच्चं तेल. दुसऱ्या दिवशी मी कोकमं काढून आमटी केली तर दत्तारावांनी ती औषधासारखी प्यायली आणि बरं वाटतंय म्हणाले.

नव्या जागी मला पहाटेच जाग येते. पडवीत आले तर कौशल्याबाई कमरेवर कळशी घेऊन पायरी उतरत होत्या. मी हाक मारणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. त्या पहिल्या झाडाशी गेल्या, बुंध्याशी सावकाश सगळी कळशी ओतली, झाडाला हात लावला आणि तशाच मुक्यानं परत आल्या. चूल पेटवल्यावर मगच बोलल्या.

"माझ्या सासूनं लावलेलं हे पहिलं झाड. बाग ताणावर सोडली की रोज एक कळशी त्याला. मुक्यानं घालायची. घरातल्या गडीमाणसांच्या कानावर जाऊ द्यायचं न्हाई. सासूनं सांगितल्तं, सगळ्या बागेला आपण आपल्या पोटासाठी तहानेलं ठेवतो, एकाला तरी पाजावं. न्हाईतर आपल्या तोंडाला पाणी गोड कसं लागंल?"

मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली. आल्यापासून त्या झाडांकडे बघून माझा जीव तुटत होता, आणि या घरात कुणीतरी आधीच त्याची व्यवस्था करून ठेवली होती. मी शपथ घातल्यासारखी मान हलवली. काठीबिठी तेव्हा माझ्या डोक्यातही आली नाही.

मधले दिवस मजेत गेले. तीर्थपुरीच्या बाजारातून संक्रांतीची सुगडं, बोरं, ओला हरभरा आणला. शेताच्या बांधावर हुरडा भाजला. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजून तळहातावर चोळायची, दाणे सुटतात. मी उत्साहानं चोळायला गेले आणि हात भाजून बसले. सगळे पोट धरून हसले. दत्ताराव मात्र हुरडा हातात घेऊन बागेकडे बघत होते. पानं आता वाऱ्याशिवायच गळत होती.

भोगी

भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि सगळ्या भाज्यांची मिळून एक भाजी असं ताट वाढलं होतं. दत्ताराव बागेतून आले, हातात एक वाळकी फांदी होती. ती त्यांनी ताटाशेजारी ठेवली.

"शेंडे वाळायला लागले, सायली."

सायलीनं फोन बघितला. "मामा, पट्टी अजून पिवळीच आहे. लालच्या जवळपण नाही. आत्ता पाणी दिलं तर मागच्यासारखा अर्धा बहार येईल."

"बरं."

"मलाही पानं दिसतात, मामा. पण मग मातीत ओल कशी राहते? रोज पहाटे उलट थोडी वाढते. दंवामुळे असणार."

"मी शब्द दिलाय," दत्ताराव म्हणाले. "तू सांगशील तवाच. झाडं मेली तरी मी मधी बोलणार न्हाई." आणि ते जेवायला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं. सायलीनं भाकरी मोडली ती तशीच हातात राहिली.

रोज पहाटे ओल वाढते. ती काठी कुठल्या झाडाखाली आहे, ते मला ढळढळीत दिसलं. मी कौशल्याबाईंकडे बघितलं. त्या शांतपणे लोणी वाढत होत्या. या संवादाचा आपल्याशी काही संबंध आहे, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

आता माझी पंचाईत बघा. लेकीला सांगावं तर विहिणीचा भरवसा मोडतो. गप्प बसावं तर बाग जाते, आणि बागेबरोबर लेकीचा या घरातला शब्द. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईवर ही वेळ येऊ नये. भांडी घासायला घेतली तेव्हा मी कौशल्याबाईंना हळूच विचारलं, "पहिल्या झाडाखाली ती काठी आहे ना, ती कसली माहीत आहे?"

"वीज पडू नये म्हणून लावली आसंल."

मी गारच झाले. माझ्या हुशार मुलीनं ते यंत्र सासऱ्याला समजावलं, नवऱ्याला समजावलं, गावातल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावलं. सासूला समजावलं नव्हतं. सासूनं विचारलं नाही म्हणून. आणि सासूनं कळशीचं सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायचं नसतं. दोघी एकाच झाडापाशी रोज जात होत्या, एक पहाटे आणि एक उन्हं वर आल्यावर. मी काठीचं काम सांगितलं. एवढंच सांगितलं, पुढे एक शब्द बोलले नाही.

कौशल्याबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. मग त्यांनी हात धुतले, पदर खोचला आणि हाक मारली, "सायली, बागेत ये जरा."

मी पडवीच्या खांबाआडून बघत होते, नाकारत नाही. पहिल्या झाडाशी दोघी उभ्या होत्या. कौशल्याबाई बोलत होत्या, बुंध्याकडे हात करत होत्या. सायली आधी हसली, मग तिनं तोंडावर हात धरला, मग ती रडली. तिला जवळ घ्यायला मी एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबले, कारण तोवर सासूनं घेतलं होतं.

"चूक माझी आहे, आत्या," सायली म्हणत होती. "काठी बागेच्या मधोमध पाहिजे. बसवणाऱ्यानं डबीपासून जवळ पडते म्हणून इथे रोवली आणि मी नंतर हलवू म्हणत राहिले."

"मंग आता हलव की."

काठी उपटली. वेटोळं सोडून वायर ओढत दोघी बागेत शिरल्या, कौशल्याबाईंच्या हातात पहार. बाग जिच्या डोळ्यांसमोर वाढली त्या बाईनं एक झाड दाखवलं, सगळ्या बागेचा अंदाज यावरून येतो म्हणाली, आणि स्वतः भोक पाडलं. दत्ताराव आवाजानं आले.

"काय चाल्लंय?"

"यंत्राची जागा चुकली होती, मामा," सायली म्हणाली. ते खरंच होतं.

सगळे फोनभोवती जमलो. पट्टी पिवळीवरून घसरली, केशरी झाली आणि पुढे लालभडक होऊन थांबली.

दत्तारावांनी डोळे मिटले. "सोड पाणी," असं ते म्हणाले नाहीत. ते सुनेकडे बघत राहिले. तिनं फोन सासूच्या हातात दिला. "इथं बोट ठेवा, आत्या."

कौशल्याबाईंनी साडीला बोट पुसून ते ठेवलं. तळ्यावर मोटर घरघरली. नळ्यांमधून आधी हवा सुसकारली, त्या हलल्या, मग एकेका झाडाखाली थेंब पडायला लागले. टप, टप, अख्ख्या बागेत. भेगांच्या कडा काळ्या पडत गेल्या आणि मातीचा वास सुटला. मी पावसाच्या प्रदेशातली बाई, पाणी मी आयुष्यात उदंड पाहिलंय. पण पाण्याकडे असं बघत उभं राहायची वेळ माझ्यावर आधी आली नव्हती. दत्ताराव चपला काढून ओळीतून चालत गेले, पार शेवटपर्यंत.

फूल

संक्रांत करून मी निघणार होते. निघाले नाही. यजमानांना फोन केला, "वाडी माझ्याशिवाय मरत नाही ना, मग शिपा अजून."

पहिले काही दिवस काहीच नाही. काही फांद्या उशिरामुळे वाळल्याच, त्या छाटाव्या लागल्या. मग उघड्या पडलेल्या फांद्यांवर बारीक हिरवे ठिपके आले, मग तांदळाच्या कण्यांसारख्या कळ्या. आणि एका सकाळी मी दार उघडलं तर वासानं मला उंबऱ्यावरच थांबवलं. सगळी बाग पांढरी होती. पान दिसेना. मधमाश्यांचा आवाज इतका की शेजारच्याशी मोठ्यानं बोलावं लागत होतं. मेल्यागत उभं असलेलं झाड हे कुठून आणतं? मी एका झाडाखाली जाऊन उभी राहिले, अंगावर पाकळ्या पडत होत्या, आणि मला सरळ रडू आलं.

दत्ताराव सगळ्यांना दाखवत फिरत होते. फिरत फिरत पहिल्या झाडाशी आले. सगळ्या बागेत ते एकटंच हिरवंगार होतं. फुलाचा पत्ता नाही.

"हे एक आळशी," ते म्हणाले. "ह्या थंडीतल्या आंबे बहाराला कधी फुललंच न्हाई. काढतो म्हणून राह्यलो, तर ही काढू देत न्हाई."

मी सायलीकडे बघितलं, सायलीनं सासूकडे.

"राहू द्या," कौशल्याबाई म्हणाल्या. "सावलीला आसतंय."

"बाकीची बाग?" मी विचारलं.

"बाग कोण काढतंय आता, विहीनबाई," दत्ताराव म्हणाले आणि पुढच्या ओळीत गेले.

गुहागर

परत आल्याला वर्ष होत आलं. हे लिहिते आहे तेव्हा बाग पुन्हा ताणावर आहे. सायलीनं आणखी एक काठी घेतली, ती पहिल्या झाडाखाली रोवली आहे. सासऱ्यांना सांगितलं, तुलनेला लागते. माझ्या फोनवरही तिनं सगळं दिसेल अशी सोय करून दिली. गुहागरात बसून मी तीर्थपुरीकडची माती बघते. यजमान याला थोतांड म्हणतात आणि मी आंघोळीला गेले की चोरून बघतात. दत्ताराव वाचनाच्या वाटेला जात नाहीत, म्हणून इथे एवढं उघड लिहायची हिंमत केली.

या महिन्यात कौशल्याबाई आमच्याकडे आल्या आहेत. गुडघ्यांना आराम पाहिजे म्हणून मीच हट्टानं बोलावलं. वाडीत वाहतं पाणी बघतात आणि नुसत्या मान हलवतात. ताण सुरू असताना त्या घराबाहेर पहिल्यांदाच राहिल्या असतील. आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच उठल्या आणि पडवीत येऊन बसल्या. मी पितळी तांब्यात पाणी आणून ठेवलं. त्यांनी त्याला हात लावला नाही. त्या कशाची वाट बघत होत्या, ते मी विचारलं नाही.

मी फोन घेऊन शेजारी बसले. पट्ट्या दोन, बागेची आणि पहिल्या झाडाची. बागेची पिवळी, जागच्या जागी. जरा वेळानं पहिल्या झाडाची रेघ थरथरली आणि थोडी वर चढली.

कौशल्याबाईंनी ती रेघ बघितली. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग तांब्या उचलला आणि पोटभर पाणी प्यायल्या.